गिरदावरचा श्रावण

२५ जुलै, शुक्रवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज दहा ओळी, शुद्ध मराठीत. घरात आपण मले-तुले बोलतो, पण लिहिणं म्हणजे लिहिणं.

बायको, कुसुम, काल पांढरकवड्याला लेकीकडे गेली. पूनमचे दिवस भरत आलेत. लेक तिथं नर्स आहे, म्हणून बाळंतपणही तिथंच. पण बाळाला सव्वा महिना झाला की जैनथला आणायचं, आपल्या घरी, हे ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. पूनम म्हणाली, बघू. बाबा, आधी महिनाभर गिरदावरला नीट सांभाळून दाखवा. त्याच्यावर तुमची डॉक्टरकी करू नका. जमलं तर बाळाला घेऊन येते, नाही तर नाही.

एक मांजर सांभाळायचं! तीस वर्षं बियाणं-औषधाचं दुकान चालवतोय. शेतकऱ्यानं पिशवीत कपाशीचं एक पान आणलं तरी अख्ख्या शेताचा रोग सांगतो. पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवला.

गिरदावरची नोंद: बोका, वय नऊ, वजन साडेसहा किलो. रोज सकाळी गल्लीतली पाच स्वयंपाकघरं तपासून येतो, म्हणून नाव गिरदावर. महसूल खात्यातला गिरदावर निदान सुट्ट्या तरी घेतो. मागच्या वर्षी याला शुगर निघाली. मांजराला शुगर असते हे गावात अजून कुणाला पटत नाही. आदिलाबादच्या प्रियदर्शनी मॅडम, जनावरांच्या डॉक्टर, त्यांनी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दोन-दोन युनिट इन्सुलिन सांगितलंय.

कुसुम एक वही लिहून ठेवून गेली. चौदा पानं. निघताना वहीबद्दल काहीतरी सांगत होती, तेवढ्यात बस आली. वाचली नाही. गरज पडेलसं वाटत नाही.

२५ जुलै. सकाळी ७.३०

इंजेक्शन दिलं. बरंचसं त्याला गेलं, थोडं माझ्या अंगठ्याला.

२६ जुलै, शनिवार

एक गंभीर बाब लक्षात आली. श्रावण लागला आणि आपल्या घरचा बोका रोज उकडलेली कोंबडी खातोय. कुसुमनं परस्पर व्यवस्था केली आहे. शेजारची सोनाबाई, भाजीवाली, तिच्या मागच्या अंगणात चुलीवर कोंबडी उकडते आणि भिंतीवरून वाटी देते. स्वतः सोनाबाई श्रावणात अंडंसुद्धा शिवत नाही. मी विचारलं, हे कसं चालतं? तर म्हणे, मुक्या जनावराले कायचा श्रावण गा यशवंता?

मला ते पटलं नाही. एका घरात दोन कायदे चालणार नाहीत. उद्यापासून कोंबडी बंद, सोयाबीनच्या वड्या सुरू. प्रोटीन कोंबडीच्या दुप्पट. पाकिटावर छापलंय.

सोनाबाईला कळवलं. ती पदर तोंडाला लावून घरात गेली. श्रद्धेनं असावं.

२७ जुलै, रविवार

गिरदावरनं वड्या हुंगल्या. माझ्याकडे पाहिलं. वाटीवर माती लोटल्यासारखं पंजानं केलं आणि तपासणीला निघून गेला.

गल्लीतल्या पाचही घरांना बजावून आलो की याला कुणी काही घालायचं नाही. भूक लागली की खाईल.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. माझा कडक उपास. साबुदाण्याची उसळ दोनदा, भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी चार, राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी परत थोडी भगर. बाकी काही नाही. अंग हलकं वाटतंय.

दुपारी २.१५ वाजता गिरदावरनं वड्या खाल्ल्या! वाटी चाटून पुसून! वरून चमचाभर तूप घातलं होतं, पण मुख्य श्रेय वड्यांचंच. दुकानात मोतीराम बसला होता, तलमडुगूकडचा, जुनं गिऱ्हाईक. त्याला सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, मांजराले सोयाबीन? मग बैलाले मटण देता का जी? अडाणी माणूस. पण स्वभावानं चांगला आहे.

कुसुमला फोनवर सांगितलं, सगळं ठीक. प्रकृती उत्तम. कुणाची ते तिनं विचारलं नाही.

३० जुलै, बुधवार

गिरदावरला पातळ झालं. तीनदा. त्यातलं एक दुकानातल्या माझ्या गादीवर.

घाबरण्याचं कारण नाही. वर्षानुवर्षांची घाण बाहेर पडतेय. शहरात लोक यासाठी पैसे मोजून शिबिराला जातात.

३१ जुलै, गुरुवार

सकाळपासून चार उलट्या. शेवटच्या दोन नुसत्या फेसाच्या. तपासणीला गेला नाही. पलंगाखाली तोंड भिंतीकडे करून बसलाय.

संभाव्य कारणं लिहून काढली. पाल खाल्ली असेल. सोनाबाईनं चोरून ताक पाजलं असेल. पावसाळ्याचं पाणी. डोमाजीच्या ऑटोचा धूर, तो आपल्याच दारापुढं गाडी गरम करत बसतो.

सोयाबीनचा संबंध नाही. या भागातली निम्मी घरं ज्या पिकावर चालतात, ते एका बोक्याला बाधेल हे शक्यच नाही.

सोनाबाई भिंतीवरून म्हणाली, काऊन गा, गिरदावर आला नाही आज? मी म्हणालो, विश्रांती घेतोय. ती म्हणाली, मॅडमले फोन कर. मी म्हणालो, करतो. केला नाही. मॅडम तरुण आहेत, उगाच घाबरून जातात.

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी

रात्रीत आणखी दोनदा जुलाब. जुलाबात अंगातलं पाणी जातं हे लहान पोराला कळतं. मेडिकलमधून ओआरएस आणलं, मोसंबीच्या चवीचं. चमच्या-चमच्यानं अर्धा ग्लास पाजलं. आधी थुंकलं, मग मुकाट्यानं प्यायला. डोळ्यांत ओळख दिसली.

पूनमला मेसेज केला की बाळासाठीही आपण ओआरएस घरात ठेवूया. तिनं नुसतं विचारलं, काऊन? कुणाले जुलाब झाले? फोन चार्जिंगला लावून दिला.

१ ऑगस्ट. सायंकाळी ७.००

कानाला टोचून शुगर पाहिली. ४१२.

मशीन बिघडलं असणार. खात्रीसाठी स्वतःच्या बोटावर तपासलं. २६८. म्हणजे मशीन नक्कीच बिघडलंय.

१ ऑगस्ट. सायंकाळी ७.४०

परत पाहिलं. ३९८. आता मात्र विचार करायला लागेल.

विचार केला. हा प्रश्न माझ्या धंद्यातलाच आहे. कपाशीवर मावा पडला की पंधरा लिटरच्या पंपाला एक झाकण औषध. मावा हटला नाही तर दीड. तरी हटला नाही तर दोन. तीस वर्षांत माझ्या डोसानं कुणाचं शेत मेलं नाही. उद्धवरावांची मिरची जळली ती उन्हानं.

उद्या सकाळी दोनऐवजी चार युनिट.

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.५०

चार दिलं. आज हात स्थिर होता. गिरदावर काल दुपारपासून काही खात नाही, पण त्यामुळे औषधाला आत अडथळाही नाही. रिकाम्या पंपात औषध नीट मिसळतं.

सकाळी ८.१५

शांत झोपलाय. लागू पडलं. टोपलीत घालून दुकानात घेऊन आलो. मोतीरामला दाखवलं. म्हटलं, बघ, याला म्हणतात डोस.

सकाळी ९.४०

उठून चालला. मागचे पाय जरा डुलले. नखरे करतोय. लक्ष दिलं की वाढतात.

२ ऑगस्ट. सायंकाळी ६.००. आदिलाबाद, दवाखान्याबाहेरचा बाक

दहाच्या सुमाराले गिरदावर आडवा पडला तो उठूनच नाही राह्यला. पाय ताणले. तोंडातून लाळ. मी हाका मारल्या, गिरदावर, ए गिरदावर, तर डोळे उघडे पण माह्याकडे पाहून नाही राह्यला. मले काहीच सुचलं नाही. तीस वर्षं लोकायले सांगतो हे मारा, ते फवारा, अन् आपलं लेकरू पायापाशी पडलं तं माह्या हातात नुसती दुकानाची चाबी.

मोतीरामच सोनाबाईले बोलवाले पळाला. सोनाबाई भाजीची टोपली रस्त्यावर टाकून आली. आल्या आल्या विचारलं, जेवला होता का? मी म्हणलं, नाही. सुई देली का? मी म्हणलं, देली. किती? मी चाबी खिशात टाकली. तिनं एक नजर पाह्यलं माह्याकडे. मग मध मागितला, बोटावर घेतला अन् त्याच्या गालात आतून चोळत बसली. मध, परत मध. त्याचं डोकं मांडीवर. मले म्हणे, उभा काऊन हायेस, डोमाजीले बोलाव.

डोमाजीनं वीस किलोमीटर ऑटो उडवला. मी टोपली छातीशी धरली होती. तो मरते असं वाटलं. देवाले म्हणलं, माह्यावर काय ते काढ.

मॅडमनी शुगर पाहिली. ३४. लगेच शिरेतून ग्लुकोज लावलं. अर्ध्या तासानं त्यानं कान हलवला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. ऑटोवाल्यांसमोर रडणं बरं दिसत नाही. डोमाजीनं पाणी दिलं आणि दुसरीकडे पाहिलं.

३ ऑगस्ट, रविवार. आदिलाबाद

मॅडमनी काल चौकशी केली. त्या मराठीत सुरुवात करतात आणि राग आला की तेलुगूत जातात. खाण्यात काय बदल? मी म्हणालो, थोडा सात्त्विक. नेमकं काय? सोयाबीन. त्यांनी पेन खाली ठेवलं. जुलाबावर काय दिलं? ओआरएस. त्यांनी माझ्याच खिशातलं पाकीट काढायला लावलं, फिरवलं आणि ग्लुकोज या शब्दावर नख ठेवलं. छपाई चांगली मोठी आहे. म्हणून शुगर ४००. मग इन्सुलिन किती? चार. उपाशीपोटी? हो. कुणी सांगितलं? मी माव्याचं सांगायला लागलो.

त्यापुढचं सगळं तेलुगूत होतं. मला तेलुगू उत्तम येतं. आज मात्र फारसं समजलं नाही.

गिरदावर दोन दिवस सलाईनवर. उलट्या थांबल्या आहेत. मी बाकावरच आहे. घरी जा म्हणाल्या तरी गेलो नाही.

कुसुमला काय सांगायचं याचे तीन मसुदे केले. पहिल्यात पाल आहे. दुसऱ्यात पाल आणि पावसाचं पाणी. तिसऱ्यात मशीन.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११.२०

मुलगी झाली! पूनमला मुलगी! दोघी सुखरूप! तीन किलो!

कुसुमचा फोन आला तेव्हा दवाखान्यातच होतो. म्हणालो, मी दुकानात आहे. शेजारी दोन कुत्रे भुंकत होते, एक बकरी ओरडत होती. कुसुम म्हणाली, दुकानात आज बरीच गिऱ्हाइकं दिसून राह्यली. मी म्हणालो, हो, सीझन आहे.

मग म्हणाली, गिरदावरनं डोळे उघडले का?

म्हणजे हिला माहीत आहे. सोनाबाईनं शनिवारीच फोन केला होता. इन्सुलिनच्या चार युनिटचं तेवढं तिला माहीत नसावं. तीनही मसुदे तयार होते. पहिला काढला, पाल म्हणालो, आणि पुढं बोलवेना. कुसुमनं विचारलं, अवो, खरं सांगा, किती देलं? मी सांगितलं. उपाशी होता हेही सांगितलं.  मागून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. पहिल्यांदा ऐकला. मग कुसुम म्हणाली, ठेवते, पूनमले पाजायचं हाय.

उपासाचा सोमवार होता हे दुपारी समोसा खाल्ल्यावर आठवलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

गिरदावर घरी. सव्वा किलोनं उतरलाय, कातडं लोंबतंय. मॅडमनी पुन्हा कोंबडी सुरू करायला सांगितली, बिनमिठाची, थोडी थोडी. डोस पुन्हा दोन, आणि खाल्लं नाही तर आधी फोन.

सोनाबाईच्या चुलीवर मी स्वतः कोंबडी उकडली. श्रावणात. देव समजून घेईल. गिरदावरनं चार घास खाल्ले, सोनाबाईच्या हातून. माझ्या हातातला घास हुंगून तोंड फिरवलं. औषधाचा वास येत असेल. हात तीनदा धुतले. तरी नाही.

दोन तुकडे उरले होते. अन्न टाकून देणं पाप, म्हणून ते मी खाल्ले. उद्यापासून श्रावण परत कडक.

७ ऑगस्ट, गुरुवार

कुसुमची वही शेवटी उघडली. पान तीन: जेवला नाही तर सुई द्यायची नाही, मॅडमले फोन करायचा. पान चार: डुलला, लाळ गळली तर गालात मध. पान पाच: खाणं एकदम बदलायचं नाही. सगळं स्पष्ट लिहिलंय. कुसुमनं हे तोंडी सांगायला हवं होतं.

मग पहिलं पान पाहिलं. वर लिहिलंय, सोनाबाईस. खाली लिहिलंय, ह्यांच्या भरवशावर राहू नका, ह्यांना विचारलं तर ठीकच म्हणतील.

वही माझ्यासाठी नव्हतीच. मी फक्त पोचवायची होती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वही पोचवली. सोनाबाईला वाचता येत नाही, असं ती म्हणाली. मग मीच मोठ्यानं वाचून दाखवली. पहिलं पान गाळलं. ती म्हणाली, पयलं पान राह्यलं गा.

१० ऑगस्ट, रविवार

गिरदावर भिंत ओलांडून सोनाबाईकडे राहायला गेला. कुणी नेलं नाही, स्वतः गेला. चुलीपासल्या पोत्यावर झोपतो. सुईही तीच देते. अंधूक दिसतं तिला, पण बोका हलत नाही.

तब्येतीच्या दृष्टीनं हे बरंच आहे. तिकडं ऊब आहे. मी सकाळ-संध्याकाळ राउंडला जातो. तो मला पाहून उठून बसतो. कधी कधी निघूनही जातो.

पूनमशी बोललो. हसत म्हणालो, तो पाळणा पुसून ठेवलाय. ती म्हणाली, बाबा, बाळाले ताप आला तं तुमी काय कराल? मी म्हणालो, डॉक्टरकडे नेईन. ती म्हणाली, आधी काय कराल? मी पाळणा परत पुसायला घेतला. खरं म्हणजे उत्तर तयार होतं. तीन औषधं डोक्यात आली होती. तेच तिला ऐकू आलं असावं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या बारसं. मी आणि सोनाबाई सकाळच्या गाडीनं निघणार, भोरज फाट्यावरून. गिरदावरची सुई दोन वेळा मोतीरामची बायको देणार. मला कुणी विचारलं नाही, तसाही मी गावात नाही.

पिशवी भरली: बाळगुटीचा डबा, ग्राइप वॉटर, जायफळ, हिंग, वेखंड, थर्मामीटर दोन. पूनमचा मेसेज आला: बाबा, नक्की या. काही आणू नका.

एकेक करून परत फडताळात ठेवलं. थर्मामीटर एक राहू द्यावं का, याचा अर्धा तास विचार केला. तेही काढलं. आता पिशवीत फक्त टोपडं आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार. रात्री ८.३०

बारसं छान झालं. नाव हर्षाली.

पूनमनं तिला माझ्या मांडीवर दिलं. कापसाच्या बोंडाएवढी मूठ, खरंच तेवढीच. दोन मिनिटांनी बाळाला उचकी लागली. अख्खी खोली माझ्याकडे पाहायला लागली. कुसुम, जावई, जावयाची आई, सगळे. उचकीवर मला किमान चार उपाय माहीत आहेत. एकही बोललो नाही. दात घट्ट आवळून बसलो. उचकी आपोआप थांबली. पूनम म्हणाली, बाबा, आता श्वास घ्या.

मग तिनं बाळ उचललं आणि सोनाबाईच्या मांडीवर ठेवलं. तिथं ते तासभर झोपलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

निघताना आनंदाची बातमी कळली. सव्वा महिन्यानं पूनम बाळाला घेऊन जैनथला येणार! नक्की! मी म्हणालो, पाळण्याला रंग देऊन ठेवतो. पूनमनं कुसुमकडे पाहिलं. कुसुमनं सोनाबाईकडे. शेवटी सोनाबाईच बोलली, यशवंता, वाईट वाटून घेऊ नको गा, लेकरू माह्याकडे उतरते. पाळणा तेवढा भिंतीवरून देजो.

मला संध्याकाळी पाच ते सहा भेटता येईल. पूनमनं सांगितलं, हात धुऊन, बाबा, अन् खिसे रिकामे करून.

बसमध्ये मले लय वाईट वाटलं. सोनाबाई बाजूले झोपली होती म्हणून बरं.

मधली भिंत एकाच विटेची आहे. बाळ रडलं की ऐकू येईल.